वेण्णाचं दुसरं बारसं

वेण्णाच्या बारशाला निम्मं शिरवळ लोटलं होतं. हजर नव्हती ती फक्त वेण्णा. म्हणजे पाळण्यात ती होती. अंगात नवी कुंची होती, गालाला तीट होती, मुठी छातीशी घेऊन पडलेली होती. पण ती गाढ झोपली होती, आणि गाढ झोपलेल्या माणसाला आपण हजर म्हणत नाही.

बायकांनी बाळाला पाळण्याखालून दिलं, पाळण्यावरून घेतलं. बाळानं डोळा उघडला नाही. मग आत्या, म्हणजे बाळाच्या आईची, प्रांजलची, नणंद धनश्री, पाळण्यात वाकली आणि तिनं बाळाच्या कानात असं दणदणीत ‘कुर्रर्र’ केलं की दारातली मांजर पळून गेली. रिवाजाप्रमाणे मागच्या बायकांनी धनश्रीच्या पाठीत धपाटे घातले. एकदोघींनी त्यात जुने रागही काढून घेतले. हशा पिकला, भांडी वाजली, लाऊडस्पीकर लागला. बाळाची पापणीसुद्धा हलली नाही.

“किती गुणाची पोर गं!” असं जी ती म्हणाली. प्रांजलही खुश होती. एवढ्या गोंगाटात न रडणारं बाळ आपल्या पोटी आलं, ह्याचं श्रेय कुठल्या आईला नको असतं?

शेजारच्या पारूकाकू तेवढ्या घुगऱ्यांची वाटी हातात धरून बराच वेळ पाळण्याशी उभ्या राहिल्या.

“प्रांजल, राग मानू नगंस. पोरीला ऐकू येतंय न्हवं?”

“येतं की काकू. दवाखान्यात तपासून घेतलंय.”

“मग बरं. न्हाई, म्हटलं, बारसं तर झालं. पर हिनं नाव कुठं ऐकलं?”

त्यावर पुन्हा हशा झाला. प्रांजलही हसली. पण काकूंचं बोलणं चपलेत खडा जावा तसं तिच्या मनात जाऊन बसलं.

ही झोप आली कुठून, ते आता सांगायला हवं.

आईचं दूध दिवसभर एकसारखं नसतं. रात्रीच्या दुधात मेलॅटोनिन नावाचं झोप आणणारं द्रव्य असतं, भर दिवसाच्या दुधात ते जवळजवळ नसतंच. तान्ह्या बाळाला सुरुवातीचे काही महिने ते स्वतःचं स्वतः नीट बनवता येत नाही, म्हणून रात्र झाल्याची वर्दी त्याला आईचं दूधच देतं. शिवाय दूध ओढता ओढता बाळाच्या आतड्यात तृप्तीचं एक संप्रेरक सुटतं आणि डोळे जड होतात. पण ही गुंगी फार टिकत नाही. बाळाची झोप आधी वरवरची असते. पापण्यांखाली बुबुळं फिरत असतात, मूठ घट्ट असते. नेमकं तेव्हाच आईनं खाली ठेवलं, की गादीला पाठ टेकायच्या आत बाळ टाहो फोडतं.

प्रांजलच्या काळातल्या शास्त्रज्ञांना दुधात एक नवं प्रथिन सापडलं. असायचं अगदी नखभर, पण वरवरच्या झोपेतून बाळाला ते अलगद गाढ झोपेत उतरवायचं. पुढचं काम अभियंत्यांनी केलं. कपाळावरच्या टिकलीएवढी एक चकती त्यांनी बनवली. आईनं ती गळ्याखाली चिकटवायची. दूध उतरण्याची वेळ झाली की कातडीच्या उबेवरून चकतीला समजायचं, आणि ती केसाहून बारीक काट्यांतून आईच्या रक्तात एक संदेश सोडायची. मग टळटळीत दुपारीही दूध रात्रीचं यायचं, तेही त्या प्रथिनानं भरलेलं. बाळ प्यायचं, झोपायचं आणि पुढची भूक लागेपर्यंत झोपून राहायचं. बनवणाऱ्यांनी तिचं नाव ‘अंगाई’ ठेवलं होतं. बायका तिला सरळ टिकली म्हणायच्या.

टिकलीला नावं ठेवणाऱ्यानं आधी प्रांजलचे पहिले आठवडे काढून दाखवावेत. वेण्णा पिता पिता झोपे आणि खाली ठेवताच जागी होई. पुन्हा घ्या, पुन्हा पाजा, पुन्हा ठेवा. प्रांजल कणकेच्या परातीवर डोकं टेकून झोपली होती. ती शंभर कामांत चूक न करणारी बाई, पण चहात मीठ घालून तो पाहुण्यांना देऊन बसली. टिकली लावली त्या दिवशी वेण्णा दुपारभर झोपली आणि प्रांजल न्हाणीघरात जाऊन आनंदानं रडली. ते रडणं खरं होतं.

पण एखादी सोय झाली की तिचा नियम व्हायला वेळ लागत नाही. बाळ झोपूनच असतं तर आईनं घरी बसून करायचं काय, असा प्रश्न कुणीतरी मोठ्या टेबलाशी बसून विचारला, आणि बाळंतपणाची रजा निम्म्यावर आली. प्रांजल कॅमेऱ्याच्या लेन्स बनवणाऱ्या कारखान्यात तपासनीस होती. तिथं पाळणाघर होतं, पण आत घेतली जात ती फक्त टिकलीवाल्या आयांची बाळं. भलंमोठं दालन भरून पाळणे, आणि सांभाळायला एकच बाई. जागं कुणी राहतच नव्हतं, तर दुसरी कशाला? ह्या पाळणाघराची प्रमुख होती धनश्री. टिकली कारखान्यात आणली तीही तिनंच.

प्रांजलचा दिवस लेन्सकडे बघण्यात जायचा. काचेवरचा केसभर ओरखडा, कडेला अडकलेला धुळीचा कण, तिच्या नजरेतून काही सुटत नसे. तासातासानं उठायला नको, पाळणाघरातून बोलावणं नको. भुकेची वेळ झाली की ती जायची. वेण्णा चुळबुळत असायची, डोळे किलकिले करून तोंड शोधायची, प्यायची, आणि पिता पिताच मान टाकायची. भूक लागली की जाग, पोट भरलं की झोप. मधलं काही नाहीच. दालनातही तसंच. इतकी मुलं, आणि पंख्याचा आवाज ऐकू यायचा.

एका रविवारी सासूबाईंनी पदर खोचला.

“कामाला लागलीस म्हणून अंग वाऱ्यावर सोडायचं व्हय? चल, तेल लावून न्हाऊ घालते.”

कोमट तिळाच्या तेलानं त्यांनी सुनेच्या पाठीला, खांद्याला, मानेला असं रगडलं की प्रांजलला वाटलं, आपण लेन्सच आहोत आणि आपल्याला पॉलिश चाललंय. तेल लावण्याआधी टिकली काढावी, असं पाकिटावर छापलेलं असतं. पण बाळंतिणीच्या अंगाला तेल लावायचंच नाही असं घर ज्यांनी पाहिलेलं असतं, त्यांनी ते छापलेलं होतं. आणि प्रांजलच्या सासरी, जगदाळ्यांच्या घरात, पाकिटावरचं वाचतो कोण? टिकली तेलावरून घसरली आणि कुठंतरी गेली. कुणाच्या लक्षातही आलं नाही.

न्हाऊन झाल्यावर प्रांजल परसदारी कोवळ्या उन्हात वेण्णाला घेऊन बसली. वेण्णा पोटभर प्यायली आणि तिनं तोंड सोडवून घेतलं. दुधाचा एक ओघळ हनुवटीवर आला. प्रांजल तो पुसायला खाली बघते तर दोन डोळे तिच्याकडे बघत होते.

वेण्णाचे भुकेले डोळे प्रांजलला ठाऊक होते. ते बघत नाहीत, शोधत असतात. ह्या डोळ्यांना मात्र काही काम नव्हतं. पोट भरलेलं होतं, ऊन अंगावर होतं, आणि ते निवांतपणे समोरची बाई न्याहाळत होते. नाक बघितलं, ओले केस बघितले, परत डोळ्यांत बघितलं. मग ओठ वाकडे झाले. प्रांजलला वाटलं, आता रडणार. वेण्णा हसली. हिरड्या दाखवून, अंग हलवून हसली, आणि “आग्गू” म्हणाली.

“आई!” प्रांजल ओरडली. “आई, बाहेर या, ही बोलतेय!”

सासूबाई झाऱ्यासकट धावत आल्या. मग त्या दोघींनी त्या एवढ्याशा जिवाशी जे काही बोलणं केलं, ते इथं लिहिण्यासारखं नाही. कुठल्याही घरात तसंच असतं. वेण्णाच्या डाव्या डोळ्यात, बुबुळाच्या कडेला, तपकिरी रंगाचा एक बारीक ठिपका होता. प्रांजलला तो आत्ता दिसला. दुसऱ्यांच्या काचेवरचा कण जिला दिसतो, तिला आपल्या मुलीच्या डोळ्यातला ठिपका आजपर्यंत दिसला नव्हता. तिला स्वतःची लाज वाटली. आणि लाजेच्या पाठोपाठ राग आला, तो मात्र स्वतःचा नव्हता.

बऱ्याच वेळानं वेण्णानं जांभई दिली. सासूबाईंनी तिला खांद्यावर उभं धरलं, पाठीवरून हात फिरवून ढेकर काढली.

“आता घाई करायची न्हाई. डोळं मिटलं म्हंजे झोपली असं न्हवं. मूठ बघ. मूठ सैल झाली, हात लोंबला, की मग ठेवायचं. आधी पाय टेकव, मग कुल्लं, डोकं शेवटाला. आन् हात लगीच काढू नगंस, छातीवर ऱ्हाऊ दे जरा.”

मूठ हळूहळू उघडली, एखादं फूल उमलावं तशी नाही, दमलेल्या माणसाच्या हातून पिशवी सुटावी तशी. वेण्णा झोपली. अर्ध्या तासात उठलीही.

दुपारी न्हाणीघर आवरताना पाटाच्या कडेला चिकटलेली टिकली सापडली. प्रांजलनं ती खरवडून काढली, बोटावर धरून बघितली आणि देवळीत ठेवून दिली.

“लावणार नाहीस?” सुयशनं विचारलं. हा तिचा नवरा भांडखोर नव्हता, पण थकलेला होता. “प्रांजल, पहिले दिवस विसरलीस का? सकाळी तुला कामाला जायचं, मला जायचं.”

“विसरले नाही. तेव्हा मी एकटी उठत होते, तेही विसरले नाही.”

वेण्णा पुढच्या वेळी रडली तेव्हा तिला खांद्यावर घेऊन, तिची मूठ बघत अंगणात फेऱ्या सुयशच मारत होता. मूठ बघायचं त्याला कुणी सांगितलं होतं, देव जाणे.

सोमवारी पाळणाघरात वेण्णा रडली. भूक नव्हती, दुखत खुपत नव्हतं, नुसती जागी होती आणि कुणी बोलायला नव्हतं म्हणून रडली. प्रांजलला बोलावणं आलं. ती धावत गेली आणि दारातच थबकली. वेण्णा जिवाच्या आकांतानं ओरडत होती, आणि आजूबाजूच्या एकाही पाळण्यात काही हललं नव्हतं. एका मुलाच्या रडण्यानं सगळी रडतात, हे कुणाला माहीत नाही? इथं एकानंही कूस बदलली नाही.

धनश्री पाळण्याशी उभी होती.

“टिकली कुठाय?”

“घरी.”

“का?”

“ताई, तिला दूध पिऊन झाल्यावर हसायचं असतं. मला माहीतच नव्हतं.”

धनश्रीनं तिला बाजूला नेलं. धनश्री काही दुष्ट बाई नव्हती, हे आधीच सांगून टाकतो.

“तुला माहीत नाही असं अजून बरंच आहे,” ती म्हणाली. “माझा यशराज पाच महिने झोपला नाही. तेव्हा ही टिकली नव्हती. एका दुपारी मी त्याला पलंगावर रडत ठेवलं, दार लोटलं आणि चालत हायवेपर्यंत गेले. परत यायचं नाही असं ठरवून. का परतले, ते मला आजही सांगता येत नाही. अशी वेळ कुठल्याही पोरीवर येऊ नये म्हणून मी ही टिकली आणली. आणि तू मला हसण्याच्या गोष्टी सांगतेस?”

प्रांजलला भरून आलं. तिनं नणंदेचा हात धरला.

“तुम्हाला तेव्हा टिकली हवी होती, ताई, आणि मिळाली असती तर बरं झालं असतं. जिला हवी तिनं लावावी. मीसुद्धा लावली, मला तिनं वाचवलं. पण आता मला नको आहे. आणि नको म्हणायची सोय तुम्ही ठेवली नाहीत. तुम्हाला तेव्हा मदतीला माणूस हवं होतं. इथंही एवढ्या मुलांत एकच बाई आहे.”

“माणसं मिळत नाहीत.”

“मुलं झोपलेली असली की माणसं मागावीच लागत नाहीत.”

धनश्रीनं हात सोडवून घेतला. “उद्यापासून टिकली नसेल तर पाळणा नाही. नियम सगळ्यांना एक. घरची म्हणून मी तुला वेगळं करणार नाही.”

“बरं,” प्रांजल म्हणाली. “मग उद्या दुपारच्या सुट्टीत इथंच वेण्णाचं बारसं आहे.”

“झालं की बारसं.”

“झोपलेल्या मुलीचं नाव ठेवलंत तुम्ही. ते बारसं मला मान्य नाही. तिनं नाव ऐकलेलं नाही. आत्या तुम्ही आहात, मान तुमचा आहे. आलात तर तुम्ही ठेवा, नाहीतर मी स्वतः ठेवीन.”

त्या संध्याकाळी गेटपाशी प्रांजल एकेका आईपाशी गेली. तिनं भाषण केलं नाही. बंड करा, असं म्हटलं नाही. एवढंच म्हणाली, “उद्या दुपारी फक्त एकदा टिकली काढून पाजा. एकच पाजणं. परत लावायची तर लगेच लावा.” कुणी नको म्हटलं. कुणी ऐकून न ऐकल्यासारखं केलं. एकीनं मात्र विचारलं, “पाजून झाल्यावर काय करतात गं ती?” तिचा मुलगा सहा महिन्यांचा होता.

दुसऱ्या दिवशी दुपारी सासूबाई खांद्यावर वेण्णा आणि हातात घुगऱ्यांचा डबा घेऊन कारखान्यात आल्या. गेटवरच्या पहारेकऱ्यानं डबा उघडायला लावला. त्यांनी आधी त्याच्या हातावर मूठभर घुगऱ्या ठेवल्या, मग तो बाजूला झाला.

पाळणाघरात आया जमल्या होत्या, प्रांजलला वाटलं होतं त्याहून जास्त. प्रत्येकीनं आपलं बाळ छातीशी घेतलेलं होतं. थोडा वेळ काहीच झालं नाही. चुटूचुटू पिण्याचे आवाज आणि पंखा. मग कोपऱ्यातली एक बाई “अगंबाई!” म्हणाली. मग दुसरी खुदकन हसली. सहा महिन्यांच्या त्या मुलानं आईचं मंगळसूत्र धरलं आणि सोडेना. कुणी हुंकार दिले, कुणी लाथा झाडल्या, एकानं रडायला सुरुवात केली आणि त्याचं ऐकून चौघांनी सूर लावला. एक आई बाळाकडे बघून रडत होती आणि तिला ते लपवायचंही नव्हतं. त्या दालनात असला कल्लोळ कधीच झाला नव्हता.

कारखान्याचे प्रमुख खांबेटे साहेब दारात येऊन उभे राहिले.

“हा काय प्रकार आहे? मशीन बिघडलंय का?”

“मशीन नाही, साहेब. मुलं आहेत,” प्रांजल म्हणाली. “जागी आहेत.”

“धनश्री मॅडम, हे तुमच्या परवानगीनं चाललंय?”

सगळ्यांनी धनश्रीकडे बघितलं. ती भिंतीशी उभी होती, गळ्यात कारखान्याचं ओळखपत्र. प्रांजल वेण्णाला घेऊन तिच्यासमोर गेली. वेण्णाचं पोट भरलेलं होतं आणि डोळे टक्क उघडे. तिनं आत्याचं तोंड न्याहाळलं, मग कानातला लोंबता झुमका पाहिला आणि तो धरायला हात पुढे केला. धनश्री मान मागे घेऊ शकली असती. तिनं घेतली नाही. झुमका वेण्णाच्या मुठीत गेला, आणि आत्याचा कान आपोआप भाचीच्या तोंडाशी आला.

“आग्गू,” वेण्णानं कानात सांगितलं.

धनश्रीचे डोळे भरले. यशराज झुमके ओढायचा तेव्हा ती त्याच्या हातावर चापटी मारायची, इतकी ती दमलेली असायची. तिनं ओळखपत्र गळ्यातून काढलं आणि रिकाम्या पाळण्यात ठेवलं.

“साहेब, मी बाळाची आत्या आहे,” ती म्हणाली. “आत्याला परवानगी लागत नाही. आणि उद्यापासून इथं मला आणखी माणसं लागतील. किती, ते मी सांगीन.”

मग ती वाकली आणि वेण्णाच्या कानाशी तिनं ‘कुर्रर्र’ केलं. “वेण्णा!”

वेण्णा दचकली. तिचे डोळे मोठे झाले, मान वळली, तिनं आत्याकडे बघितलं, मग आईकडे. खालचा ओठ पुढे आला. आणि मग तिनं असं भोकाड पसरलं की बायकांनी टाळ्या पिटल्या. धनश्रीच्या पाठीत धपाटे पडायला लागले. ह्या खेपेला सासूबाईंनीही दोन घातले.

सवयीनं धनश्रीचा हात थोपटायला पुढे आला.

“राहू द्या, ताई,” प्रांजल म्हणाली. “रडू दे. नाव आवडलं नसेल तर तसं सांगायचा तिला हक्क आहे.”

खांबेटे साहेबांनी घड्याळ बघितलं. बायकांकडे बघितलं, घुगऱ्यांचा डबा बघितला. आवाज चढवल्याशिवाय त्यांचं बोलणं कुणाला ऐकू जाणार नव्हतं, म्हणून त्यांनी तो चढवला.

“पण हे चालणार किती वेळ?”

“तिला झोप येईपर्यंत, साहेब,” प्रांजल म्हणाली.

वेण्णाची मूठ झुमक्यावर अजून घट्ट होती.